पोटखराब

मोजणीचा पोरगा आला फटफटीवर,
पाठीवर ड्रोनची पेटी, कानात बोंडं.
म्हणाला, काका, हद्द दाखवा.
मी कोतवाल. बत्तीस वर्षं हद्दच दाखवतोय,
दुसऱ्यांच्या रानाची.

त्याच्या कागदावर गट नंबर एकशे बारा.
आम्ही त्याला म्हातारीचा डोळा म्हणतो.
वैशाखात सगळं शिवार तडकलं
तरी तिथला एक कोपरा ओलसर राहतो.
कुठली म्हातारी, ते विचारू नये.
तीन भावक्या तीन म्हाताऱ्या सांगतात
आणि तिघींची भांडणं अजून सासवडच्या कोर्टात आहेत.

पलीकडचं, ते उपाशी.
सर्जेराव कुंजीर तिथं दिवसभर नांगरत होता,
बायकोनं भाकरी आणलीच नाही.
का नाही आणली, ते तिनं मरेस्तोवर सांगितलं नाही.
आता अंजिराची बाग आहे, ठिबक आहे,
हंगामात पाट्यांवर पाट्या जातात टेम्पोनं,
तरी रान उपाशीच.

ड्रोन उडाला. गोफणीच्या गुंड्यासारखा वर गेला,
तिथंच थांबला.
शेळ्या फुटल्या चहूकडं,
आणि गेणूचा ठार बहिरा कुत्रा
आयुष्यात पहिल्यांदा आभाळावर भुंकला.

पोरगा पडद्यात बघून म्हणाला,
बांध इथं वाकडा का?
सरळ येतो, मग पोट आल्यासारखा फुगतो, मग परत सरळ.
म्हणालो, हिवर आहे तिथं.
झाड तर दिसत नाही.
नाही दिसणार. मी चौथीत होतो तेव्हा पडलं.
पण नांगर वळसा घ्यायचा. ट्रॅक्टरही घेतो.
कारण?

आता ह्याला काय सांगू.
की द्वारकाकाकूच्या सासऱ्यानं हिवरावर कुऱ्हाड घातली,
पहिल्याच घावाला दांडा मोडला,
आणि त्या रात्री विहिरीतल्या साती आसरा
त्याच्या अंगणात येऊन गेल्या,
सकाळी सात जणींची ओली पावलं, त्यानं स्वतः मोजलेली.
की पहाटे पाचला डेअरीवर
फॅटचं मशीन गरम होईस्तोवर
ही गोष्ट रोज थोडी वाढते,
बाबू गुरवानं मागल्या साली तिच्यात बिबट्या घातला.
की मी, सरकारी माणूस, बिल्लेवाला,
रात्रीची लाइट आली की मोटर चालू करायला जाताना
त्या वळशाशी चपला काढतो.
श्रद्धा वगैरे नाही. पायच काढतात.

म्हणालो, असंच. पहिल्यापासून.
त्यानं यादी खाली-वर केली,
असंच असा रकाना नव्हता.
मग टिचकी मारली: पोटखराब, पाव गुंठा.

दुपारी घरी जेवायला घातलं त्याला.
वाटाण्याची आमटी, भाकरी, कांदा फोडून.
तो सांगत होता आज काय काय भरलं,
एकशे बारा झाला, पाव गुंठा पोटखराब.
चुलीपाशी बायकोचा हात थांबला.
काय म्हणालास?
पोटखराब. म्हणजे नापीक, काकू. तिथं काही येत नाही.

येत नाही, ती म्हणाली.
द्वारकाकाकूची पोर आहे तिथं. दीड दिवसाची.
सासऱ्याला रान सरळ पाहिजे होतं.
म्हणून काकू त्या रात्री विहिरीत पाय बुडवून आली अंगणात,
परत गेली, परत आली.
सात खेपा.
ओली बाळंतीण होती.

तव्यावरची भाकरी तिनं उलटली.
मी म्हणालो, तुला कुणी सांगितलं?
सगळ्या बायकांना ठाऊक आहे की.
तुम्ही कधी विचारलं?

पोरगा घास हातात धरून बसलेला.
मग म्हणाला, आमटी चांगली झालीय.
मोबाइल त्यानं पालथा ठेवला.

रात्री अडीचला लाइट आली.
मी बॅटरी घेतली, उठलो.
अंधारातून ती म्हणाली,
चपला बांधावर उंच ठेवा,
गेणूचं कुत्रं नेतंय.